पैकी किती, आणि कोणाची कोण?



परवा रविवारी न्यू जर्सीहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. मी नुकतीच सामायिक आटोपून उठले होते. ती तिकडे अकरावीत आहे. खूश होऊन म्हणाली, "नानी, माझा जीपीए 4.33 झाला!" माझ्या पोटात धस्स झाले. तरी तोंडावर हसू ठेवून म्हटले, "10 पैकी ना बेटा? असू दे, पुढच्या वेळी वाढतील." पलीकडे आई, बाप, लेक तिघेही हसत सुटले. ते 4 पैकी होते.

4 पैकी 4.33! मी नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. आहे, 1982 ची. पैकीच्या पैकी गुण मिळालेले ऐकले आहेत, पैकीच्याही वर गेलेले कधी ऐकले नव्हते. मला राहवेना. लेकीला म्हटले, फोन ठेवू नकोस, मला हिशेब समजावून सांग. वही घेऊन बसले आणि समजले ते असे.

तिकडे टक्के नाहीत, श्रेणी आहेत. ए म्हणजे 4, बी म्हणजे 3, सी म्हणजे 2, डी म्हणजे 1. सगळ्या विषयांची सरासरी काढली की जीपीए. पण शाळेत काही विषय साधे असतात आणि काही कॉलेजच्या तोडीचे, त्यांना एपी म्हणतात. अवघड विषय घेणाऱ्या मुलाचे नुकसान होऊ नये म्हणून बऱ्याच शाळा एपीमधल्या ए ला 4 ऐवजी 5 देतात. नातीचे विषय सहा, सहाही विषयांत ए, त्यातले दोन एपी. म्हणजे चार चोक सोळा, दोन पंचे दहा, बेरीज 26, भागिले 6. आले 4.33. वजन न धरता मोजले तर तिचेच गुण 4.0. दोन्ही आकडे खरे, मुलगी एकच.

आणखी एक गंमत. एपीमध्ये बी आला तर त्याचेही 4 आणि साध्या विषयात ए आला तर त्याचेही 4. काही शाळा एकाऐवजी अर्धाच गुण वाढवून देतात, काही मुळीच देत नाहीत. म्हणून तिकडची शाळा मुलाच्या गुणपत्रकासोबत आपल्या शाळेची माहितीही पाठवते, की आमच्याकडे माप असे आहे. कित्येक विद्यापीठे तर शाळेचा आकडा बाजूला ठेवून स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजतात.

मला आमच्या राईस मिलमधले जुने दिवस आठवले. मी सून म्हणून तुमसरला आले तेव्हा खेड्यावरचे म्हातारे शेतकरी अजून धान पायली-कुड्याने सांगायचे. सासरे आधी विचारायचे, "पायली कोणत्या गावची?" कारण या गावची पायली आणि त्या गावची पायली सारखी भरत नसे. माप विचारल्याशिवाय सासऱ्यांनी कधी भाव बोलला नाही. आणि आपण बायका मात्र देवळात, स्थानकात, लग्नात भेटलो की सरळ विचारतो, "किती पडले?" आकडा ऐकतो आणि पोराची किंमत करून मोकळ्या होतो.

आपल्याकडचेच बघा ना. सीबीएसईने 2010 ते 2017 पर्यंत दहावीला टक्के न देता सीजीपीए दिला. त्याचे टक्के करायचे तर 9.5 ने गुणा, असे बोर्डानेच सांगितले होते. 9.5 का? तर 91 ते 100 च्या गटातल्या मुलांची सरासरी साधारण 95 येते, म्हणून. आता कॉलेजांमध्येही यूजीसीची दहाची श्रेणी आली आहे, सगळ्यात वर ओ, म्हणजे 10, मग ए प्लसचे 9, ए चे 8. पण टक्के काढायचे सूत्र विद्यापीठागणिक वेगळे. एखाद्या पोराचा सीजीपीए 8 आला. दहाने गुणले तर 80 टक्के. सीबीएसईच्या जुन्या रीतीने 76. एआयसीटीईच्या तक्त्यात 6.75 म्हणजे 60 टक्के आणि 7.25 म्हणजे 65 टक्के धरतात, त्या हिशेबाने 8 चे होतात साडेबहात्तर. पोरगा तोच, अभ्यास तोच, आणि साडेसात टक्क्यांचा फरक. नोकरीच्या जाहिरातीत "किमान 75 टक्के" लिहिले असेल तर एका सूत्राने तो आत, दुसऱ्याने बाहेर.

पर्सेंटाइलची तर याहून मोठी फसगत. सीईटीला 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. शंभरातली नव्वद मुले त्याच्या बरोबरीची किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मागच्या वर्षी एका बाईने या 90 वर पेढे वाटले आणि दुसरीने त्याच 90 वर मुलाला आठ दिवस बोल लावले. दोघींनाही माप माहीत नव्हते.

इथपर्यंत हिशेबाची गोष्ट होती. मला तो समजला आणि बरेही वाटले. पण त्याच कॉलवर पुढे जे ऐकले, ते अजून डोक्यातून जात नाही.

नात म्हणाली, "नानी, पुढच्या वर्षी कॉलेजचे फॉर्म भरायचे. त्यात विचारतात, तुमचे आईवडील कुठे शिकले?" मी म्हटले, त्यात काय, आपल्याकडेही बापाचे शिक्षण विचारतात. तेव्हा जावई म्हणाले, "मम्मी, तसे नाही. आई किंवा वडील त्याच कॉलेजचे असतील तर काही ठिकाणी मुलाला झुकते माप मिळते. त्याला लेगसी म्हणतात." लेगसी म्हणजे वारसा. गुणांच्या फॉर्मवर वारसाहक्क!

मला वाटले, अमेरिका म्हणजे जिथे फक्त हुशारी चालते. तसे नाही. ही रीत तिथे 1920 च्या दशकापासून रुळली. तेव्हा बाहेरून आलेल्या ज्यू कुटुंबांची हुशार मुले परीक्षेच्या जोरावर मोठमोठ्या कॉलेजांत भरू लागली होती. जुन्या घराण्यांना ते रुचेना. मग नुसते गुण नकोत, घराणे, चालचलन हेही बघू, असे नियम आले. वारशाचे पारडे त्यातलेच. आपण जैनही संख्येने मूठभर. बाहेरच्या हुशार पोरांना अडवायला केलेल्या दाराची गोष्ट आपल्याला तरी टोचायला हवी.

हार्वर्डवर खटला चालला तेव्हा कोर्टात आकडे बाहेर आले. माजी विद्यार्थ्यांच्या अर्ज करणाऱ्या मुलांपैकी शंभरातल्या साधारण 33 जणांना प्रवेश, इतरांपैकी शंभरात जेमतेम सहा जणांना. जून 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे बंद केले, तेव्हा लोक विचारू लागले, मग घराण्याचा विचार कसा चालतो? काही विद्यापीठांनी आपणहून ही रीत सोडली आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये 2009 साली पहिल्या वर्षाच्या मुलांत वारसदार 12.5 टक्के होते, 2019 मध्ये 3.5 टक्के उरले. एमआयटी वारसा बघतच नाही. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा केला आणि सप्टेंबर 2025 पासून तिथल्या खासगी विद्यापीठांनाही वारसा बघायला मनाई झाली.

आता आपल्या लोकांचे बघा. तिकडे गेलेल्या मराठी माणसांची पहिली पिढी बहुतेक इथे बी.ई. करून तिकडे एम.एस. करायला गेली. बऱ्याच ठिकाणी वारसा धरतात तो आईबापाच्या बॅचलर पदवीचा. म्हणजे इतकी वर्षे आपली मुले त्या दाराबाहेर होती आणि "हा अन्याय आहे" असे म्हणत होती. पण आता जी नातवंडे तिथल्या कॉलेजांत शिकत आहेत, त्यांची मुले वारसदार होणार. तेव्हा आपण काय म्हणू? अन्याय म्हणू, की "आपल्या माणसाला मिळाले तर काय बिघडले" म्हणू?

मला उत्तर माहीत आहे, कारण आम्ही ते एकदा देऊन बसलो आहोत.

2003 ची गोष्ट. माझा मुलगा बारावी झाला. त्याला इंजिनिअर व्हायचे होते की आम्हाला त्याला करायचे होते, हे आता सांगता येणार नाही. गुण बेताचे होते. आमच्या नात्यातले एक जण एका कॉलेजच्या ट्रस्टवर होते. एक फोन झाला, एक भेट झाली. किती द्यायचे ते ठरले. पावती मागायची नाही, हे आम्हाला कोणी सांगावे लागले नाही. महाराष्ट्रात 1987 पासून कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा आहे, हे मला बी.कॉम. बाईला ठाऊक होते. मी गप्प राहिले. पेढे मात्र मीच वाटले.

त्याच वर्षी आमच्या मिलमधल्या मुनीमजींची मुलगी बारावी झाली. तिचे गुण माझ्या मुलापेक्षा अकरा टक्क्यांनी जास्त होते. मुनीमजी पेढे घ्यायला आले तेव्हा सहज विचारत होते, "शेठाणीबाई, तिकडे फॉर्म कसा भरायचा असतो?" मी म्हटले, विचारून सांगते. सांगितले नाही. तिने इथेच बी.एस्सी. केले आणि लग्न होऊन बालाघाटकडे गेली. ती इंजिनिअर झाली असती की नसती, मला माहीत नाही. माझा मुलगा झाला. डिग्री फ्रेम करून बैठकीत लावली आहे आणि तो मिल सांभाळतो, जी त्याने एरवीही सांभाळलीच असती.

रोजच्या प्रतिक्रमणात आपण तिसऱ्या व्रताचे अतिचार म्हणतो. अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे. मी कित्येक वर्षे "मिच्छामि दुक्कडं" म्हणत आले, आणि मनात नेहमी तराजू, भेसळ, जकात हेच यायचे. ती जागा कधी आली नाही. ती आम्हाला कोणी दिलेली नव्हती. ज्यांनी दिली, त्यांची ती द्यायची नव्हती.

यंदाच्या चातुर्मासात महासतीजींनी मरीचिची कथा सांगितली. तुम्हाला ठाऊकच आहे. भगवान ऋषभदेवांचा नातू, भरत चक्रवर्तीचा मुलगा. पुढे तू वासुदेव होशील, चक्रवर्ती होशील आणि शेवटी तीर्थंकर होशील, हे भरताकडून कळले तेव्हा तो आनंदाने नाचायला लागला. माझा आजा पहिला तीर्थंकर, माझा बाप पहिला चक्रवर्ती, मी पहिला वासुदेव, माझे कुळ केवढे मोठे! त्या नाचण्यात त्याने नीच गोत्रकर्म बांधले आणि महावीरांच्या भवापर्यंत ते त्याच्या मागे आले. आठ मदांत कुलमद म्हणतात तो हाच. बघा, त्याची वारसाची सगळी माहिती खरी होती. आजा खरा, बाप खरा. चूक माहितीत नव्हती. आज्याची आणि बापाची कमाई त्याने स्वतःच्या खात्यावर जमा धरली, ती चूक.

कॉमर्सच्या भाषेत सांगते. गुडविल नावाची मालमत्ता असते, पेढीचे नाव. पण आपले आपण कमावलेले नाव ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवायचे नसते, असा नियम आहे. कितीही मोठे असले तरी. व्यापाऱ्याला जो नियम लागू, तो सतरा वर्षांच्या पोराच्या फॉर्मला का नको?

आता कोणी म्हणेल, ताई, मग आपला अल्पसंख्याक कोटाही सोडायचा का? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. केंद्र सरकारने 27 जानेवारी 2014 ला जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क घटनेच्या कलम 30 ने दिला आहे. अकरावीत अशा संस्थांना 50 टक्के जागा आपल्या समाजासाठी ठेवता येतात. मला यात चूक दिसत नाही. तो हक्क समाजाचा आहे, उघड आहे, छापलेला आहे, आणि मुनीमजींसारख्या गरीब जैनाच्या मुलीलाही तो तितकाच आहे. उरलेल्या जागा सगळ्यांसाठी सोडता येतात.

10 टक्के इनहाऊस कोट्याचेही मी समजू शकते. त्याच संस्थेच्या शाळेत दहावी झालेल्या मुलीला अकरावीसाठी दुसरे गाव शोधावे लागत नाही. आमच्या भागात खेड्यावरून सायकलने येणाऱ्या मुलींचे शिक्षण अशाच सोयीवर टिकते. पण 5 टक्के व्यवस्थापन कोटा? त्यात मुलीची गरज बघत नाहीत, समाज बघत नाहीत. "कोणाची कोण?" एवढेच बघतात. एनआरआय कोट्याचेही तेच. महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला 15 टक्क्यांची मर्यादा घातली. मर्यादा घातली म्हणजे दार लहान झाले, बंद नाही झाले. आणि दिल्लीत तर डिसेंबर 2013 मध्ये नर्सरीच्या प्रवेशासाठी 100 गुणांची यादी निघाली होती, त्यात आई किंवा बाप त्या शाळेचे माजी विद्यार्थी असल्याचे 5 गुण होते. साडेतीन वर्षांच्या लेकराला! अमेरिकेला कशाला नावे ठेवायची?

कोणी असेही म्हणेल की ज्यांनी जमीन दिली, पैसा दिला, त्यांना दोन-चार जागांवर तरी हक्क नको का? दानाला मी लहान समजत नाही. आपल्या लोकांनी गावोगाव शाळा, धर्मशाळा, दवाखाने बांधले. पण दिल्यावर हक्क राखला, तर ते दान कसले? ती गुंतवणूक झाली. गुंतवणूक करायला हरकत नाही, मग संगमरवरी पाटीवर "दानवीर" लिहू नये.

हे सगळे मी लिहिते आहे, कारण यंदा जूनमध्ये ती परीक्षा पुन्हा माझ्या दारात आली. 2025 पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात लागू झाले, आपल्या भंडारा जिल्ह्यातही. पूर्वी ते मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या शहरांपुरतेच होते. नणंदेच्या नातवाला हव्या त्या कॉलेजात विज्ञान शाखा मिळेना. आमचे हे एका शिक्षण संस्थेच्या कमिटीवर आहेत. नणंदबाई आल्या आणि म्हणाल्या, "दादाने एक फोन केला की काम होईल." ह्यांनी माझ्याकडे बघितले. 2003 मध्ये असेच बघितले होते, तेव्हा मी मान हलवली होती. या वेळी म्हटले, "नको. यादीत येईल तिथे शिकू दे. हुशार आहे तो."

नणंदबाई चहा न घेता गेल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, "स्वतःच्या मुलाच्या वेळी हे ज्ञान कुठे होते?" खरे आहे. माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते, आजही नाही. दिवाळीला त्या आल्या नाहीत. संवत्सरीला मी खमत खामणा करायला गेले होते, दार उघडले, हात जोडले, बोलल्या मात्र नाहीत. नातू दुसऱ्या कॉलेजात जातो आहे. मला रस्त्यात भेटला की पाया पडतो.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. गुणपत्रकावर आकड्याशेजारी माप आणि टक्के काढायचे सूत्र छापलेच पाहिजे, म्हणजे कोणा पोराला सूत्रापायी बाहेर राहावे लागणार नाही. ज्या संस्थांत आपली माणसे विश्वस्त आहेत, तिथे कोट्यातून कोण, किती गुणांवर घेतले, याची यादी फलकावर लावायला सांगा. जी गोष्ट फलकावर लावायची लाज वाटते, ती करू नये, एवढी साधी कसोटी पुरे. आणि घरात, मुलाला जागा कशी मिळाली ते त्याला खरे सांगा. माझ्या मुलाला मी या दिवाळीत सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होते मम्मी. मुनीमकाकांच्या मुलीचे गुण वर्गात सगळ्यांनाच माहीत होते."

नातीने शेवटी विचारले, "नानी, पप्पांच्या कॉलेजात फॉर्म भरू की नको?" मी म्हटले, भर. विचारतील ते खरे लिही, लपवणे हेही खोटेच. पण जिथे बापाचे नाव बघत नाहीत, तिथे आधी भर. आणि घेतले, तर पहिल्या दिवशी आजूबाजूला नीट बघ. तुझ्यापेक्षा अकरा टक्के जास्त असलेली एक मुलगी तिथे नसेल. तिच्या वाटचेही शिक.

जय जिनेंद्र.